कोरडं धरण

लग्न होऊन आले तेव्हाच मला कळलं, की आपल्याला सवत आहे आणि ती मातीची आहे. दोन टेकड्यांच्या मधे आडवी पसरलेली. एका अंगाला तलाव, दुसऱ्या अंगाला गवताचा उतार. आमचे हे त्या धरणाचे राखणदार. सकाळी चहाचा कप खाली ठेवला की निघाले, तेही अनवाणी. पायाला ओल कळते म्हणे. घुशीचं बीळ दिसलं की बुजव, झुडूप उगवलं की मुळासकट उपट, दगड सरकला की जागेवर बसव. घरातला नळ महिनोन्महिने टिपकत राहायचा, त्याच्याकडे बघायला मात्र यांना वेळ नव्हता. लोक यांना धरणकाका म्हणायचे आणि ते यांना फार आवडायचं. मला कुणी धरणकाकू म्हटलं की माझं डोकं फिरायचं.

खात्याने दिलेलं आमचं घर धरणाच्या टोकाला, टेकडीवर. स्वयंपाकघराच्या खिडकीतून अख्खा उतार दिसतो आणि उताराच्या खाली, ओढ्याच्या कडेने, घरांची एक रांग. तिला खालची आळी म्हणतात. त्यातलं धरणाला सगळ्यात जवळचं घर आमच्या लेकीचं. एकुलती एक लेक, डोळ्यांसमोर राहावी म्हणून मुद्दाम तिथलंच स्थळ बघितलं. जावई तलावात मासे धरायचा. नातीचं नाव काहीतरी छान ठेवलंय, पण सगळे तिला ठकीच म्हणतात. मी खिडकीतून हाक मारली की ठकी खालून अंगणातून दोन्ही हात हलवायची. हाक ऐकू जायची तिला, एवढं जवळ.

धरणाच्या पायथ्याशी एक दगडी मोरी होती. तिच्यातून बारा महिने पाणी यायचं. धार करंगळीएवढी, पण पाणी इतकं नितळ की खाली पडलेली सुई दिसावी. आळीतल्या बायका तिथे धुणं धुवायच्या. धरण बांधलं तेव्हापासून ती मोरी वाहत होती आणि कुणाचं काही बिघडलं नव्हतं.

मग एक मोठे साहेब आले तपासणीला. पायात पांढरे बूट. मोरीपाशी गेले आणि बूट चिखलात रुतले. एवढंच झालं. पण साहेबाचा बूट भरला म्हणजे कुणाचं तरी डोकं खायलाच हवं. चार माणसांदेखत ते यांना म्हणाले, धरण सांभाळता की चाळण? सोबतचे सगळे हसले. साहेब हसले की हसावं लागतं. हे घरी आले आणि पाटावर बसून नुसतेच ताटाकडे बघत राहिले. मी म्हटलं, त्या मेल्याला काय कळतंय धरणातलं, जेवा तुम्ही. पण अपमान झालेल्या माणसाला बायकोचं बोलणं म्हणजे कानाशी माशी.

पुढच्या आठवड्यात यांनी चिकण माती आणली. पायांनी तुडवली, गोळे केले आणि हात जाईल तिथपर्यंत, मग काठी जाईल तिथपर्यंत, मोरीत ठासली. तोंडाशी दगड असे बसवले की जणू तिथे कधी मोरी नव्हतीच. मी विचारलं, अहो, ते पाणी आता जाणार कुठे? म्हणाले, कुठे म्हणजे, आतच राहील. पाणी धरायलाच बांधलंय ना धरण?

पुढच्या खेपेला साहेब आले, तेच पांढरे बूट, मोरीपाशी गेले आणि बूट कोरडे. यांच्या पाठीवर थाप मारली. म्हणाले, याला म्हणतात कोरडं धरण, बाकीच्यांनी शिका. दोघांचा फोटो निघाला. तो फोटो घरात लावायला भिंतीवर बरी जागा एकच, तिथे आमचा लग्नातला फोटो होता. तो उतरला आणि साहेब चढले. मी काही बोलले नाही. म्हणजे पुष्कळ बोलले, पण उपयोग झाला नाही.

त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात आमची बकरी लठ्ठ झाली.

आता सगळीकडे गवत वाळून पिवळं पडलेलं असताना बकरी लठ्ठ कशाने होते, हे बघायला मी तिच्या मागे गेले. उताराच्या बरोबर मध्यावर एक हिरवंगार ठिगळ होतं. गवत घोट्याएवढं, आणि खाली माती मऊ. पाय ठेवला की बोटांच्या मधून पाणी वर यायचं. मला इंजिनिअरी येत नाही, पण घर चालवता येतं. नाक दाबलं की तोंड उघडतं, एवढं कळायला कॉलेजात जावं लागत नाही. मी तिथून खाली बघितलं. नजर सरळ लेकीच्या छपरावर पडली.

घरी येऊन मी यांना सांगितलं. आधी म्हणाले दव असेल. भर उन्हाळ्यात, दुपारी, दव. मग म्हणाले झरा असेल. मग चिडले. पण दुसऱ्या दिवसापासून बकरी नेमकी त्याच ठिगळावर बांधायला लागले, गवत उंच वाढू नये म्हणून. म्हणजे यांना कळलं होतं. यांच्या पायांना तर माझ्याआधीच कळलं असणार. मी म्हटलं, कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, मोरी उघडा. म्हणाले, उघडली की पाणी येणार, पाणी आलं की साहेब विचारणार, इतकी वर्षं धरण फुकट राखलं का? आणि मग असं काही बोलले की मला रागही आला आणि पोटात तुटलंही. म्हणाले, "माझ्या हातून आयुष्यात एकच गोष्ट नीट झालीय, ती तरी राहू दे."

मी मोरीचा विषय सोडला. पण पावसाळ्यात तलाव भरत गेला तशी मी खिडकीतून हलेनाशी झाले. भांडी घासताना नजर ठिगळावर, भाजी चिरताना नजर ठिगळावर. दोनदा बोट कापलं. लेकीला म्हटलं, थोडे दिवस इकडे राहायला ये ठकीला घेऊन. ती हसली, म्हणाली, आई, हाकेच्या अंतरावर राहून कुणी माहेरपणाला जातं का?

तलाव काठोकाठ असताना नवी तपासणी आली. या वेळी साहेब नव्हते, एक इंजिनिअर बाई होत्या. वयाने माझ्या लेकीएवढ्या, पायात गमबूट. धरणावर या टोकापासून त्या टोकापर्यंत चालल्या, आमच्याकडे जेवल्या, दुसऱ्यांदा आमटी मागून घेतली. मला त्या आवडल्या. हे त्यांना मोठ्या ऐटीत मोरीपाशी घेऊन गेले. मी ताक द्यायचं निमित्त करून मागोमाग गेले.

बाई मोरीपुढे उकिडव्या बसल्या. म्हणाल्या, इथून पाणी यायचं ना? हे म्हणाले, यायचं, पण आता एक थेंब नाही, एकदम कोरडं. यांना वाटलं, आता शाबासकी मिळेल. बाईंचा चेहरा मात्र उतरला. त्या म्हणाल्या, काका, मातीचं धरण पाझरणारच. नितळ पाझर आला तर जिवाला बरं वाटतं. तलाव भरलेला असताना मोरी कोरडी, याची मला भीती वाटते. ते पाणी गेलं कुठे?

हे म्हणाले, आपोआप बंद झालं.

खोटं बोलायची सवय नसलेला माणूस खोटं बोलला की कसा दिसतो, ते त्या दिवशी मी पाहिलं. मान ताठ, नजर बाईंच्या गमबुटांवर. बाईंनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या मागे, जरा खाली, लेक दोरीवर धुणं वाळत घालत होती आणि ठकी ओल्या चादरीत शिरून लपत होती. मला वाटलं होतं, अशा वेळी माणूस विचार करतो. मी काही केला नाही.

"यांनी बुजवलीय," मी म्हटलं. "आणि वर उतारावर ओल फुटलीय. चला, दाखवते."

यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने बघतील असं वाटलं होतं. तसं नाही बघितलं. एखाद्या परक्या बाईने रस्त्यात हात धरावा, तसे माझ्याकडे बघत राहिले.

त्याच दुपारी माणसं लावून मोरी उकरली. चिकण मातीचे गोळे निघत गेले आणि शेवटचा गोळा हलला तसं पाणी फसकन बाहेर आलं. गढूळ, चहासारखं. हे लगेच पुढे झाले. म्हणाले, ती माझीच माती आहे, मी ठासलेली, धुऊन निघेल आणि निवळेल, जरा थांबा. बाई म्हणाल्या, थांबू. माझ्याकडून काचेचे ग्लास मागून घेतले, एकेक भरून कट्ट्यावर ठेवत गेल्या आणि तळाशी किती गाळ बसतो ते बघत राहिल्या. हे प्रत्येक ग्लास उजेडात धरायचे आणि म्हणायचे, बघा, हा आधीच्यापेक्षा बरा आहे. ते खरंच बरे होते का, मला सांगता येत नाही. कधी वाटायचं बरा आहे, कधी वाटायचं तसाच.

ऊन उतरलं तेव्हा बाई उठल्या. म्हणाल्या, ही तुमची माती असेल, नाहीतर धरणाच्या पोटातली असेल. पोटातली असेल तर आत भोक पडतंय आणि ते मोठं होणार. खाली माणसं झोपतात. मी बघत बसू शकत नाही.

"फक्त उद्यापर्यंत," हे म्हणाले. इतकी वर्षं संसार केला, पण यांना हात जोडताना मी कधी पाहिलं नव्हतं. बाईंना वाईट वाटलं, दिसत होतं. पण त्यांनी फोन लावला.

खालची आळी अंधार पडायच्या आत रिकामी केली, धरणाचे सगळे दरवाजे उघडले आणि तलाव सोडून दिला. पाणी उतरायला आठवडा लागला. निवळलेलं पाणी शेवटपर्यंत कुणाला दिसलं नाही, कारण तलाव खाली गेला तशी मोरी आटली. यांचं म्हणणं तेव्हापासून एकच. ती माझीच माती होती, एक दिवस थांबले असते तर कळलं असतं.

पुढे काय झालं ते सांगण्यासारखं नाही, पण सांगते. तलावाच्या जागी चिखल उरला, मग त्याला भेगा पडल्या. मासे कुजले त्याचा वास घराघरात शिरून बसला. विहिरी खोल गेल्या. टँकर यायला लागला आणि बायका रांगेत भांडायला लागल्या, आणि मी रांगेत उभी राहिले की भांडण थांबायचं. ते जास्त वाईट. एक म्हातारी तोंडावर म्हणाली, नवऱ्याशी पटत नव्हतं तर सोडायचं नवऱ्याला, तलाव कशाला सोडलास? खात्याने ठरवलं की हे धरण पुन्हा भरायचंच नाही, मधोमध कापून मोकळं करायचं. यांना लवकर घरी बसवलं. पेन्शन दिलं, घर राहू दिलं, पण फोटोतले साहेब एका शब्दाने विचारपूस करायलाही आले नाहीत.

आळीतली माणसं आपापल्या घरी परत आली. जावयाने होडी उलटी करून अंगणात ठेवली आणि दुसऱ्याच्या ट्रकवर जायला लागला, आठ आठ दिवस बाहेर. लेक माझ्याशी तुटक बोलायची, मग बोलेनाशी झाली. मी खिडकीतून हाक मारायची आणि ठकी हात हलवायच्या आधी आईकडे बघायची.

आणि हे. हे भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. पाणी दे, दार लाव, यापलीकडे शब्द नाही. यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, मला उलट बोलता येतं, त्यात मी कुणाला हार जात नाही. पण गप्प माणसाशी भांडायचं कसं? जेवण निम्म्यावर आलं. अंगावरचा सदरा दुसऱ्याचा घातल्यासारखा दिसायला लागला. मी लेकीला वाचवायला तोंड उघडलं होतं आणि हे माझ्यासमोर विझत चालले होते. कधी कधी मलाच वाटायचं, यांचंच खरं असेल. एका गढूळ ग्लासासाठी मी सगळ्यांचं वाटोळं केलं असेल.

धरण कापायला पोकलेन आलं. त्याचा ड्रायव्हर लांबचा, बडबड्या, चहासाठी दोन वेळा आमच्या दारात यायचा आणि मला मावशी म्हणायचा. माझ्याशी मोकळेपणी बोलणारा तेवढा एकच माणूस उरला होता. इंजिनिअर बाईंची तोवर बदली झालेली होती. मुकादम झाडाखाली डुलक्या काढायचा. पोकलेनचा आवाज सुरू झाला की हे कानावर उशी घ्यायचे.

एका सकाळी मी किटली घेऊन कापलेल्या जागी गेले. ड्रायव्हरने मशीन बंद केलं होतं आणि खाली उतरून मातीच्या उभ्या भिंतीकडे बघत होता. मला म्हणाला, मावशी, हे बघा काय निघालं.

भिंतीत भोक होतं. घुशीचं नव्हे, घुशीची बिळं मी जन्मभर पाहिलीत, ती वाकडीतिकडी असतात, आत गवत असतं. हे गुळगुळीत होतं, आतून धुतलेलं, कडेला बारीक वाळू साठलेली. कळशी सहज आत जाईल एवढं. ड्रायव्हरने हात घातला तो खांद्यापर्यंत गेला आणि बोटांना तळ लागला नाही. भोक तलावाच्या बाजूने येऊन उताराकडे, त्या ठिगळाकडे गेलेलं होतं. मी वळून खाली बघितलं. बघायची गरज नव्हती.

मी मातीच्या ढिगावर बसले. आधी जे वाटलं ते सांगते, लपवत नाही: मला आनंद झाला. माझं खरं होतं. लेकीला हाताला धरून इथे आणायचं, त्या टँकरच्या रांगेतल्या म्हातारीला आणायचं, अख्ख्या आळीला आणायचं आणि म्हणायचं, घाला हात, घाला खांद्यापर्यंत. ड्रायव्हरही तेच म्हणत होता. मावशी, तुमच्यामुळे वाचली की एवढी माणसं, थांबा, मी मुकादमाला उठवतो, फोटो काढू.

तो दोन पावलं गेला असेल. आणि माझ्या डोळ्यांसमोर हे आले, भिंतीकडे तोंड करून पडलेले. यांना कळलं की हे काय करतील? इथे येतील. अनवाणी येतील. भोकात हात घालतील, आणि यांना कुणी समजावून सांगावं लागणार नाही. मोरी तोंडापर्यंत कुणी ठासली, पाणी कुणी कोंडलं, हे भोक कुणी पाडलं आणि त्याच्या तोंडाशी कुणाचं घर होतं. ठकीला खांद्यावर घेऊन फिरवलेलं यांनी. माझ्यावर रागावून हे अर्धपोटी जगत होते. स्वतःवर रागावले असते तर तेवढेही जगले नसते. मी यांना ओळखते.

मी ड्रायव्हरला हाक मारून थांबवलं.

"कुणाला उठवू नको," मी म्हटलं. "चहा घे आणि ओढून टाक ते."

तो म्हणाला, अहो पण मावशी, लोक तुम्हाला काय काय बोलतात ते मी ऐकलंय, हे दाखवलं तर. मी म्हटलं, बोलू देत, माझी कातडी जाड आहे. तरी तो उभाच. मग मला राग आला, आणि राग आला की मला बरं सुचतं. म्हटलं, तुला आई आहे ना? तिने एखादी गोष्ट सांगितली तर कारण विचारतोस? त्याने चहा संपवला, वर चढला आणि मशीनचा दात भिंतीला लावला. एका ओढीत ते गेलं. माती खाली आली ती इतर मातीसारखीच दिसत होती. पुढच्या दोन ओढीही मी उभी राहून बघितल्या, आणखी काही निघत नाही ना म्हणून, आणि रिकामी किटली घेऊन घरी आले.

मधे आवाज थांबला होता म्हणून असेल, किंवा माझ्या पायाची माती बघून असेल, पण यांनी मान वळवली. किती महिन्यांनी माझ्याकडे बघून बोलले.

"आतून कसं निघालं?"

"घट्ट," मी म्हटलं. "एकसंध. मशीनला ओढवेना, ड्रायव्हर म्हणत होता."

हे उठून बसले. भिंतीला टेकले. डोळ्यांत पाणी आलं, पण चेहरा असा झाला की मला लग्नातले हे आठवले. मग म्हणाले, मी सांगत होतो. माझीच माती होती ती. मी म्हटलं, हो. म्हणाले, भलं चांगलं धरण तू पाडलंस. मी म्हटलं, हो, मीच पाडलं. जेवायला वाढू का?

यांनी दोनदा भात मागून घेतला. हात धुतल्यावर म्हणाले, आता खाली जा आणि लेकीला तुझ्या तोंडाने सांग. तिला कळू दे तिचा बाप खोटा नव्हता.

गेले. लेक दारातच उभी होती, ठकीला कडेवर घेऊन. ठकीच्या हातात बिस्किट होतं आणि अर्धं तिच्या गालाला लागलं होतं. मी सांगितलं: धरण कापलं, आत काही नव्हतं, तुझ्या बाबांचंच खरं निघालं. लेक म्हणाली, "मग का केलंस गं आई? कशासाठी?"

कशासाठी, ते तिच्या कडेवर बसून बिस्किट खात होतं. मी म्हटलं, चुकलं माझं, आणि ठकीचा गाल पुसायला पदर पुढे केला. लेकीने तिला मागे ओढून घेतलं आणि दार लावलं.